सहाच्या तीन रिंगा

मेव्हिस पीअर्टच्या घरचा फोन रोज संध्याकाळी सहाला तीनदा वाजायचा आणि थांबायचा. मेव्हिस तो उचलायची नाही. चौथी रिंग येत नाही याची खात्री होईपर्यंत ती पॅसेजमध्ये एप्रनला हात पुसत उभी राहायची. मग रिसीव्हर उचलून वरच्या अंगाला, हाय शीलच्या शेतावर, आपल्या भावाला फोन लावायची, पलीकडे तीन रिंगा मोजायची आणि ठेवून द्यायची. झालं. विल्फ धडधाकट आहे, मेव्हिस धडधाकट आहे, आता दोघांनी आपापले बटाटे उकडायला टाकायला हरकत नाही.

ही पद्धत त्यांच्या आईची. एकसष्ट साली घरात फोन आला, तेव्हा तिने सगळ्यांना बजावलं होतं, "कुठेही गेलात तरी पोचल्यावर तीन रिंगा द्यायच्या. उचलला की पैसे पडतात, नुसता वाजला तर फुकट." दोन रिंगा म्हणजे आज रात्री घरी नाही, काळजी करू नये. त्या काळी वेअरडेलच्या डोंगराळ खोऱ्यात घरोघर असलंच काहीतरी चालायचं. पुढे मोबाइल आले आणि लोक विसरले. पण मेव्हिसचं क्रॉहोप गाव दरीच्या तळाशी असं काही दडून बसलं आहे की तिथे मोबाइलला आजही रेंज येत नाही, आणि नॅट्रास घराण्यातली ही भावंडं, विल्फ त्र्याऐंशीचा आणि मेव्हिस एकोणऐंशीची, आईचं ऐकत राहिली होती.

बाकी त्या दोघांनी एकमेकांचं काही ऐकल्याला अकरा वर्षं झाली होती. मेव्हिसचा नवरा केन गेला, त्याला मूठमाती दिली, आणि चॅपलच्या हॉलमध्ये चहा सुरू व्हायच्या आत विल्फ निघाला. मेंढी अडली होती. "बहिणीपेक्षा मेंढी मोठी झाली का रे तुला?" मेव्हिसने दारातच विचारलं, सगळ्यांसमोर. विल्फ म्हणाला, "माझ्या जागी केन असता तर तोही गेला असता." हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते सहन झालं नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला मात्र फोन तीनदा वाजला. मेव्हिस तिथे काळ्या कपड्यांत उभी होती. तिने थोडा वेळ तोंड फुगवून घेतलं आणि मग तीन रिंगा परत दिल्या.

हे कोणालाही माहीत नव्हतं. तिच्या मुलालाही नाही. ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या रिंगांची रोज वाट बघते हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

मुलगा डंकन डार्लिंग्टनला असायचा, एका शाळेचा हिशेबनीस. आईवर त्याचा जीव होता आणि तो जीव तो आईच्या घरातल्या वस्तू बदलून दाखवायचा. आधी त्याने किटली बदलली, मग बल्ब, मग हॉलमध्ये विजेचा हीटर आणून ठेवला. मेव्हिसने हीटरवर लोकरीची टोपली ठेवली आणि रोज दुपारी चारला फायरप्लेसमध्ये लाकडं पेटवणं चालू ठेवलं. चारच्या आत नाही, कितीही थंडी असली तरी. लाकडं जपून वापरायची असतात.

जानेवारीतल्या एका मंगळवारी डंकन एक चपटा पांढरा डबा घेऊन आला.

"आई, ह्या तांब्याच्या तारा आता सगळीकडूनच काढणार आहेत. आज ना उद्या बदलावंच लागणार. हा इंटरनेटवरचा फोन. महिन्याचं बिल जवळजवळ निम्मं. नंबर तुझा तोच."

"आणि माझा फोन?"

"हाच राहील गं. फक्त ह्याची वायर भिंतीत न जाता ह्या डब्यात जाईल."

मेव्हिसचा क्रीम रंगाचा जुना फोन त्याने खरंच ठेवला. तेवढं पाहून तिने विरोध सोडला. डंकन पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसून वायरी जोडत होता, ती खुर्चीत बसून त्याच्या टकलाकडे बघत होती.

"ह्यात एक झकास सोय आहे," तो टेबलाखालून म्हणाला. "तुला ते 'तुमच्या बँकेतून बोलतोय' वाले भामटे छळतात ना, त्यांचा कायमचा बंदोबस्त. मी यादी भरतो. यादीतल्यांचेच फोन वाजतील, बाकीचे वाजणारच नाहीत. सांग, कोणाकोणाचे फोन येतात तुला?"

"तुझा. दवाखान्याचा. चॅपलमधून ग्लेनिसचा. लाकडंवाला टेरी. केस कापायला येते ती पोरगी."

ते सगळे नंबर फोनशेजारच्या वहीत होते. डंकनने ते आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतले.

"अजून कोणी? विल्फमामा?"

"तो कशाला मला फोन करेल?" मेव्हिस फणकारली. "अकरा वर्षांत एक शब्द तरी बोललाय का माझ्याशी?"

"तेही खरंच म्हणा," डंकन म्हणाला आणि त्याने यादी बंद केली.

ती खोटं बोलली नव्हती. हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. फोन करणं म्हणजे तिच्या लेखी कोणीतरी बोलणं. सहाच्या तीन रिंगा हा फोन नव्हताच. चॅपलची घंटा वाजते तशा त्या वाजत, आणि चॅपलच्या घंटेचं नाव कोणी वहीत लिहून ठेवत नाही. विल्फचा नंबरही वहीत नव्हता. तो तिच्या बोटांना पाठ होता.

डंकन साडेचारला गेला. सहाला मेव्हिस पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली. सहा वाजून पाच झाले. दहा झाले. फोन गप्प.

ती खुर्चीत बसली, उठली, खिडकीतून वर हाय शीलच्या दिशेने पाहिलं. त्या दिशेला डोंगराचा खांदा आडवा येतो, दिवा दिसत नाही. मग आठला फोन वाजला आणि ती जवळजवळ धावली. डंकन होता.

"बघ, वाजतोय की नाही व्यवस्थित? आवाज किती स्वच्छ येतोय!"

"येतोय," मेव्हिस म्हणाली.

म्हणजे फोन चालू आहे. मग विल्फलाच काहीतरी झालं असणार. ती रात्र तिने कूस बदलत काढली. सकाळी टेरी लाकडं टाकायला आला तेव्हा ती अंगावर शाल ओढून अंगणातच आली.

"काय रे, वर गेला होतास का? आमच्या म्हाताऱ्याकडे?"

"आत्ताच भेटला की स्टॅनहोपला, पेंडीच्या दुकानात," टेरी म्हणाला. "घोड्यासारखा ठणठणीत. पोती गाडीत नीट रचली नाहीस म्हणून मलाच चार शब्द सुनावले. मी म्हटलं, विल्फकाका, मी इथे नोकरीला नाही, मीही गिऱ्हाईकच आहे!"

टेरी स्वतःच्याच गोष्टीवर हसला. मेव्हिसही हसली. टेरी गेल्यावर ती आत आली, चहा ओतला आणि पहिल्याच घोटाला तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठणठणीत आहे. म्हणजे त्याने मुद्दाम रिंगा दिल्या नाहीत.

कारणही तिला लगेच सापडलं. सोमवारी गावातल्या रूथ एमर्सनची मूठमाती होती. चॅपलच्या हॉलमध्ये चहाच्या वेळी विल्फ एकटाच एका टेबलाशी बसला होता. मेव्हिस बशी घेऊन जागा शोधत आली, तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता शेजारची खुर्ची पायाने थोडी बाहेर ढकलली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मेव्हिसने ते पाहिलं, आणि तरी पुढे जाऊन ग्लेनिसच्या टेबलाशी बसली. पायाने म्हणे! हाताने ओढायला काय झालं होतं? पण घरी आल्यावर कितीतरी वेळ तिला ती बाहेर ढकललेली खुर्चीच दिसत राहिली होती.

तर आता हा त्याचा राग. फुगू दे. आधी त्याने द्यायच्या आणि मग मी द्यायच्या, असा नियम आहे. तो आईने घालून दिलेला, मी नाही. बुधवारी सहाला फोन वाजला नाही. गुरुवारी वाजला नाही. मेव्हिस दोन्ही दिवस पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली आणि दोन्ही दिवस तिने रिसीव्हरवर हात ठेवून काढून घेतला. यादी, डबा, वाजणारच नाहीत, हे शब्द तिच्या घरात, तिच्याच समोर बोलले गेले होते. पण माणसाला राग हवा असला की दुसरं काही आठवत नाही, आणि मेव्हिसला तो राग हवा होता. नाहीतर सोमवारच्या त्या खुर्चीचा दोष तिच्या एकटीच्या पदरात पडला असता.

शुक्रवारी दुपारी डंकन तिला न्यायला आला. त्याची मुलगी बेथनी अठरा वर्षांची होत होती. शनिवारी पार्टी, रविवारी संध्याकाळी परत.

"चल आई, बर्फाचा अंदाज आहे. लवकर निघू."

मेव्हिस कोट घालून, पर्स काखेत मारून पॅसेजमध्ये थांबली. बाहेरगावी जायचं तर दोन रिंगा द्यायच्या. साठ वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं. केनला इस्पितळात हलवलं त्या दिवशीही अँब्युलन्सवाल्याला थांबवून तिने दोन रिंगा दिल्या होत्या. तिने रिसीव्हर उचलला. विल्फच्या नंबरचे पहिले तीन आकडे दाबले.

"कोणाला करतेस?" डंकनने दारातून विचारलं.

"कोणाला नाही," ती म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला. मनात म्हणाली, करू दे थोडी काळजी. लागू दे त्यालाही घोर.

त्या संध्याकाळी डार्लिंग्टनला सहाच्या सुमारास तिचं जेवणात लक्ष लागेना. शनिवारी तर तिने घड्याळाकडे पाठ करून बसायचं ठरवलं. घरात बेथनीच्या मैत्रिणी, फुगे, कानठळ्या बसवणारी गाणी. सहाला केक कापला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मेव्हिसला एकदम वाटलं की हा काय पोरखेळ चालवलाय आपण दोघांनी. एकोणऐंशी वर्षांची बाई मी.

"बेथनी, बाळ, तुझा फोन दे जरा."

"आजी, तुला लावता येतो का यावरून?"

"तू आकडे दाखव, मी दाबते."

ती फोन घेऊन जिन्याखाली गेली. तीन रिंगा दिल्या आणि थांबली. मग लक्षात आलं, हा बेथनीचा नंबर, त्याला कसं कळणार कोणी दिल्या? तिने पुन्हा लावला आणि या वेळी ठेवलाच नाही. काय बोलायचं तेही ठरवलं. 'खुर्ची पायाने ढकलतात का रे, गाढवा?' एवढंच. त्याला बरोबर कळलं असतं. दहा रिंगा झाल्या. वीस झाल्या. त्याने उचलला नाही.

"बस फुगून," मेव्हिस फोनला म्हणाली आणि केक खायला गेली.

रविवारी सकाळी दहाला पोलिसांचा फोन आला. डंकनने तो घेतला, हळूहळू खुर्चीत बसला, आणि आईकडे बघायचं टाळत राहिला.

"आई, विल्फमामा गेला गं."

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने त्याला पाहिलं होतं. क्रॉहोपच्या वरच्या वळणावर, पूर्वी दुधाचे कॅन ठेवायचे त्या दगडी कट्ट्यावर तो बसलेला होता. खांद्यांवर चार बोटं बर्फ. शेजारी थर्मास, अर्धा रिकामा. त्याची ती चार चाकांची शेतातली मोटरसायकल कडेला नीट लावलेली. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी संध्याकाळीच कधीतरी.

"पण असल्या थंडीत तिथे काय करत होता तो?" डंकनची बायको म्हणाली. "त्या वळणावर काही नाहीच. मेंढ्यासुद्धा नाहीत."

त्या वळणावरून काय दिसतं ते मेव्हिसला माहीत होतं. लहानपणी शाळेतून येताना दोघं त्याच कट्ट्यावर चढून बघायची. खाली सगळं क्रॉहोप दिसतं, आणि सगळ्यात अलीकडे, अगदी पायाखाली, तिच्या घराचं धुराडं.

"मला घरी ने," ती म्हणाली.

वळणावर डंकनने गाडी हळू केली, पण ती म्हणाली, "थांबू नकोस." घरी पोचायला साडेतीन झाले. शेजारची दोन्ही घरं सुट्टीत येणाऱ्या शहरी लोकांची, जानेवारीत बंदच. अंगणातल्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मेव्हिस पॅसेजमध्ये गेली आणि कोट न काढताच फोनसमोर उभी राहिली. डब्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"डंकन. जे फोन वाजत नाहीत, त्यांचं काय होतं?"

"म्हणजे?"

"यादीत नसतात त्यांचं. करणाऱ्याला काय ऐकू येतं?"

"रिंग वाजतेय असंच ऐकू येतं. म्हणजे भामट्यांना कळायला नको ना की आपण अडवलंय. खूप वेळ थांबला तर निरोप रेकॉर्ड होतो. माझ्या मोबाइलवर येतात ते. मी बघत नाही, सगळा कचरा असतो." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. त्याने खिशातून मोबाइल काढून डब्याच्या वायफायला जोडला.

यादी छोटीच होती. एकच नंबर पुन्हा पुन्हा. मंगळवार, सहा. बुधवार, सहा. गुरुवार, सहा. शुक्रवारी सहा, सव्वासहा, साडेसहा, आठ. शनिवारी सकाळपासून नऊ वेळा. शेवटचा दोन चाळीसचा, त्याच्यापुढे निरोपाची खूण.

"आई, हा नंबर कोणाचा?"

मेव्हिसने तो एकदाच पाहिला.

"मी विचारलं होतं तुला," डंकन म्हणाला. "मामाचं नाव घेऊन विचारलं होतं." मग त्याने तोंडावर हात ठेवला. "आई, चुकलो. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तू विचारलं होतंस," मेव्हिस म्हणाली. "लाव तो निरोप."

"आत्ता नको."

"लाव."

आधी नुसता श्वास आला. वयस्क माणसाचा, नाकातून. मागे टिकटिक, त्यांच्या आईच्या घड्याळाची. मग विल्फ बोलला, दुकानात ओरडतो तसा मोठ्याने, कारण तसल्या यंत्राशी तो जन्मात पहिल्यांदाच बोलत होता.

"मेव्हिस. मी आहे. रागावली असशील तर रागाव, माझं काही म्हणणं नाही. पण चार दिवस झाले, तू दोन रिंगाही दिल्या नाहीस. तर मी वळणापर्यंत येतोय. खाली येत नाही. चारला तू पेटवतेस, धूर दिसला की मी जाईन माघारी. तू बाहेर येऊ नकोस, घसरशील." थोडा वेळ पुन्हा नुसता श्वास. "खुर्ची हाताने ओढायला हवी होती." मग खट्कन ठेवल्याचा आवाज.

डंकन भिंतीला टेकून रडू लागला. पन्नाशीचा माणूस, हुंदके देऊन. मेव्हिसने त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. करू दे थोडी काळजी, असं म्हणाली होती ती. केली त्याने. चार वाजले असतील, साडेचार, पाच. तो धुराड्याकडे बघत बसला असेल, थर्मासमधून घोट घेत, आता पेटवेल, आता पेटवेल म्हणत.

हॉलमधल्या घड्याळात चार वाजायला दोन मिनिटं होती. मेव्हिस आत गेली. फायरप्लेससमोर गुडघे टेकायला तिला दोन्ही हातांनी खुर्ची धरावी लागली. तिने कागदाचे बोळे केले, त्यावर काटक्या रचल्या, त्यावर लाकडं. नेहमी दोन घालायची, आज टोपलीत होती तेवढी सगळी. सगळ्यात वर तिने ओलसर असलेलं एक लाकूड घातलं, जे ती एरवी कधी घालत नसे.

"आई, उठ तू," डंकन दारातून म्हणाला. "गारठली आहेस. मी हीटर लावतो."

"हीटरला धूर नसतो," मेव्हिस म्हणाली आणि तिने काडी ओढली.